सब्जा

ग्रीसच्या रिकाम्या डब्याला तळाशी तीन भोकं पाडली
शेडमधल्याच ड्रिलनं, जेवणाच्या सुट्टीत.
वारके म्हणाला, मिस्त्री, काय करून राह्यले? डब्याला गळती?
म्हटलं, तीस वर्षं गळत्या बंद करण्यात गेली,
एक लावून पाहतो.

माती बहिणीकडची, रावेरच्या केळीतली,
काळी, चिकट, तिच्यात अजून पानांच्या चिंध्या.
बी इद्रिसभाईच्या सरबताच्या गाडीवरचं.
बरणीत भिजून फुगलेला सब्जा बघून
बेडकाची अंडी, म्हणालो मी एकदा,
तर त्यानं हातातला ग्लासच काढून घेतला.
मग हसला. कोरडं बी दिलं चिमूटभर, कागदात बांधून.
पुरू नका हां. नुसतं वरून पसरा.
अंधारात रुजत नाही हे.

भुसावळचा मे.
गॅलरीच्या कठड्याला कोपर टेकलं
तर कातडं तिथंच राहील, असा.
नळ अकराव्या दिवशी.
ड्रम कपड्यांचा, बादली अंघोळीची, कळशी प्यायची,
यांच्यात आणखी एकाचं खातं कुठं उघडू?
तांदळाचं धुवण दिलं. डाळीचं दिलं.
रात्रपाळीहून परतताना
बाटलीच्या बुडाशी उरलेले दोन घोट, कोमट,
मी घशाला विचारलं,
तो नको म्हणाला.

कुमुद साक्रीला, आईच्या उशाशी, फाल्गुनापासून.
संध्याकाळी फोन. आधी माझ्या गोळ्यांची चौकशी करायची,
आता पहिलं वाक्य, पानी घालं का त्याले?
माझ्या गोळ्या दुसऱ्या नंबरवर गेल्या.

सातव्या दिवशी उगवलं.
सदऱ्याच्या गुंड्यांएवढी पानं, दोन दोन,
जेमतेम हिरवी, पण रांगेत नाहीत, कशीही,
शिफ्ट सुटल्यावर गेटातून माणसं निघतात तशी.

शेजारच्या फेगडेबाई म्हणाल्या,
तुळस लावली, बरं केलं भाऊ.
मी सांगणार होतो.
दुसऱ्या दिवशी डब्यावर, कंपनीच्या नावावरच, कुंकू.
तिसऱ्या दिवशी निरांजन.
कुमुदला सांगितलं तर ती फोनवर हसत सुटली,
आई उठी जाई म्हणून तोंडावर पदर धरून,
ती तुळस नई शे, सांगा ना त्यास्ले!
कसं सांगू? बाई रोज
आपल्या कळशीतलं पेलाभर पाणी घालत होत्या.

जुलैत मंजिऱ्या आल्या, जांभळट.
त्या खुडायच्या असतात म्हणे, नाही तर झाड म्हातारं होतं.
मी खुडल्या नाहीत.
मीही दोन वर्षांनी रिटायर.

मग इद्रिसभाईची गाडी दिसेना.
पंक्चरवाला म्हणाला, त्याची आई गेली काल.
घरी आलो. कात्री सापडली नाही.
वायर कापायच्या कटरनं सगळं झाड कापलं,
वीतभर खोडं ठेवून.
ओल्या सुती चिंधीत गुंडाळून जेवणाच्या डब्यात भरलं
आणि यार्डाच्या पलीकडे, कब्रस्तानात गेलो.
तो काही बोलला नाही. मीही नाही.
फांद्या घेतल्या,
पुरल्या नाहीत,
नुसत्या वरून पसरल्या.

संध्याकाळी फेगडेबाई निरांजन घेऊन उभ्या,
डब्यात नुसती खुंटं.
कुठं गेली हो?
या वेळी सांगितलं सगळं, नावासकट.
सब्जा म्हणालो, कब्रस्तान म्हणालो.
त्या कुंकवाकडे बघत राहिल्या बराच वेळ.
वातीला हाताचा आडोसा होता, तो तसाच.
मग विचारलं,
किती वय होतं आईचं?

निरांजन ठेवलं त्यांनी,
रोजच्यापेक्षा चार बोटं लांब,
खुंटांना आच लागू नये म्हणून.

रात्रपाळीला निघालो.
ग्रीसमध्ये हात घालण्याआधी एकदा हुंगले,
लवंगेसारखा वास अजून होता.
फोन वाजला. कुमुद.
आज तिनं झाडाचं विचारलं नाही.